गोधडी : आतले कापड, वरचे कापड

मराठी ललित लेखनात गोधडी हा शब्द आला की त्याच्या मागोमाग आजी येते, आजीच्या लुगड्याचा वास येतो आणि शेवटी ऊब येते. कविता असो, ललितलेख असो वा दिवाळी अंकातील आठवण असो, हा क्रम सहसा चुकत नाही. गोधडी म्हणजे माया हे समीकरण आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की त्याची तपासणी करावी असे समीक्षकांनाही वाटत नाही. मला ती करावीशी वाटते. जी वस्तू पांघरून मी पदवीपर्यंतचा अभ्यास केला, तिच्याविषयी काय वाटून घ्यावे हे दुसऱ्यांनी ठरवायचे आणि मी ते मुकाट्याने मान्य करायचे, हे मला पटत नाही.

प्रथमच सांगते की ऊब खोटी नाही. डिसेंबरच्या रात्री कुडाच्या भिंतीतून वारा येतो तेव्हा ती ऊब किती खरी असते हे आमच्यापैकी कोणालाही सांगावे लागत नाही. माझा आक्षेप त्या भाषेने काय झाकले याला आहे. गोधडीचे कापड मुळात कोणाचे होते? टाका कोणी घातला, आणि दिवसाच्या कोणत्या वेळात घातला? तयार वस्तूवर नाव कोणाचे राहिले? मायेच्या भाषेत या तीन प्रश्नांना जागा नाही. म्हणून ती भाषा कितीही गोड असली तरी समीक्षेच्या दृष्टीने अपुरी आहे.

( १ )

मी देवळीत राहते आणि मराठी शिकवते. देवळी हा वर्धा जिल्ह्यातील तालुका, मुलूख कापसाचा. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली आणि या भागातला कापूस गाठी बांधून बंदराकडे जाऊ लागला. रेल्वेमार्गावरचे पुलगाव याच तालुक्यातले. तिथे कापडाची गिरणी उभी राहिली आणि पुढे बंदही पडली. सरकी पेरणारे हात, वेचणारे हात, गिरणीत राबणारे हात या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वेचणीला जाणारी बाई कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधते, दिवसभर बोंडे वेचते आणि संध्याकाळी वजनावर मजुरी घेते. पण तिच्या घरात तिने वेचलेला कापूस नसतो. कापूस भरलेली गादी ही निराळी वस्तू आहे; ती पिंजाऱ्याकडून भरून घ्यावी लागते आणि त्याला पैसे लागतात. गोधडीत कापूस नसतो. तिच्यात कापसाचे शेवटचे रूप असते: विणून, विकून, नेसून, फाटून उरलेले कापड.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जिथे कापूस पिकतो तिथेच कापूस वेचणारीला चिंध्यांवर निजावे लागते, हे गोधडीतले पहिले वास्तव आहे. ते बाजूला ठेवून तिच्या रंगसंगतीविषयी बोलणे म्हणजे अर्धेच बोलणे.

शिवण्याची रीत सांगते, कारण शिकलेल्या वाचकांपैकी अनेकांनी गोधडी पाहिली असेल, पण ती होताना पाहिली नसेल. वेचणी संपली, उन्हाळा लागला, की पेरणीपूर्वीच्या त्या दोन-तीन महिन्यांत हे काम निघते. वर्षभर साठवलेले गाठोडे सुटते. लुगडी, धोतरे, सदरे, परकर, शाळेचा जुना गणवेश. आधी सगळे धुऊन घ्यायचे. मग शिवणी उसवायच्या. गुंड्या आणि हूक काढून डबीत ठेवायचे. काठ वेगळे फाडायचे, कारण काठाचे कापड टिकाऊ असते आणि ते कडेला लावता येते. विरलेला भाग कुठे आहे हे कापड उजेडात धरून पाहायचे आणि त्यावर दुसऱ्या थराचा धड भाग येईल असे जुळवायचे. सारवलेल्या जमिनीवर थर अंथरून कडांवर दगड ठेवायचे, म्हणजे कापड सरकत नाही. मग कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचे. थर जाड असला की दाभण लागते. अंगठ्याला आणि तर्जनीला भोके पडतात. संध्याकाळी त्याच हातांनी मिरची वाटायची असते.

गोधडीतून उरलेल्या तुकड्यांचे दुपटे होते. त्याहून लहान तुकड्यांचे बसकर, पिशवी, भाकरीचे फडके. अगदी चिंधी उरली तर ती गुंडाळून चुंबळ होते, आणि त्या चुंबळीवर पाण्याची घागर वा सरपणाची मोळी डोक्यावर चढते. कशाला काय लागेल, किती थर लागतील, कोणते कापड घाम शोषते आणि कोणते नुसते चकाकते, हे सगळे ज्ञान आहे. शाळेत न गेलेल्या बायकांचे ज्ञान आहे म्हणून त्याला आपण ‘सवय’ म्हणतो.

( २ )

आता कापड कोणाचे, या प्रश्नाकडे येते. माझे आजोबा सालदार होते. पोळ्याला मालकाकडून एखादे जुने धोतर मिळे. मालकिणीकडून कधी फाटके लुगडे मिळे. ते गाठोड्यात जाई. आजी गोधडी करताना एक नियम पाळत असे, आणि तो नियम माझी आई अजूनही पाळते. लहानपणी मी आईजवळ थर लावायला बसत असे. मालकाकडचे एक लुगडे गर्द जांभळे होते, विटलेले नव्हते. ते वर घ्यावे असे मी म्हटले. आई म्हणाली, “लोकाचं देल्लं आतमंदी घाल, बाई. वरतं आपलंच दिसलं पाह्यजे.” काहून, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, “निजताना आंगाले आपलं लागलं पाह्यजे.”

मिळालेले कापड आत, आणि आपल्या कमाईतून घेतलेले, मग ते कितीही जुने असो, दोन्ही अंगांनी बाहेर. आईने हे तत्त्व म्हणून सांगितले नाही. पण साहित्य शिकवू लागल्यावर माझ्या ध्यानात आले की इथे मांडणीचा एक निश्चित विचार आहे. प्रस्थापित सौंदर्यदृष्टी ज्या गोधडीकडे ‘हाती लागले ते जोडले’ म्हणून पाहते, तिच्यात काय दाखवायचे आणि काय गाडायचे याचा निर्णय आहे. जांभळे लुगडे डोळ्याला अधिक चांगले दिसले असते. तरी ते आत गेले, कारण रंगापेक्षा स्वाभिमानाला प्राधान्य होते. ही वस्तू वाचायची तर तिचे वरचे नक्षीकाम पाहून भागत नाही. टाके उसवून आतला थर पाहावा लागतो.

जुने कापड ही या देशात कधीच साधी गोष्ट नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. म्हणजे कोणी नवे नेसावे, कोणी जुने नेसावे आणि कोणी प्रेतावरचे नेसावे, याची श्रेणी धर्मशास्त्राने लावून दिली. गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महाराचा ‘हक्क’ समजला गेला. त्याला हक्क म्हणणे ही भाषेने केलेली थट्टा आहे. या व्यवस्थेत चिंधी ही गरिबीची खूण असतेच, शिवाय ती हुकुमाचीही खूण असते.

म्हणूनच महाडच्या घटनाक्रमाकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी बोलले, आणि ते कपड्यांविषयी बोलले. जातीची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा. अंगावरचे वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ ठेवा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पुष्कळांना हा सामाजिक सुधारणेचा किरकोळ तपशील वाटतो. मला वाटते, एका ग्रंथाने वस्त्रांची जी श्रेणी लावली होती तिला दिलेले ते नेमके उत्तर होते. ग्रंथ जाळला, मग त्या ग्रंथाने अंगावर चढवलेला वेष उतरवायला सांगितले. फाटके असण्यात लाज नाही, लादलेले नेसण्यात आहे, हा भेद त्यात आहे. आणि हाच भेद देवळीकडच्या एका निरक्षर बाईने आतल्या आणि वरच्या कापडात केला होता.

( ३ )

चिंधीचा दुसराही एक इतिहास आहे, आणि तो आपला आहे. बौद्ध भिक्खूंचे चीवर हे मुळात तुकडे जोडून केलेले वस्त्र. उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात टाकून दिलेली वस्त्रे गोळा करून केलेल्या चीवराला पांसुकूल म्हणत. चीवराची रचना मगधातील बांध घातलेल्या शेतांसारखी असावी असे बुद्धांनी सुचवले आणि आनंदाने ती करून दाखवली, ही हकीकत महावग्गात आहे. पुढे जीवकाच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले कापड घेण्याची मुभा मिळाली. तरीही कापड कापून, तुकडे करून, पुन्हा शिवावे लागे. कापल्यामुळे त्याचा बाजारभाव उतरतो, चोराला त्याचा मोह राहत नाही. माझ्या दृष्टीने आणखी एक गोष्ट घडते: कापल्यावर ते कोणा श्रेष्ठीचे वा कोणा राजाचे वस्त्र राहत नाही. सुई-दोरा त्याची आधीची मालकी पुसून टाकतो.

चुल्लवग्गातील आनंद आणि राजा उदेन यांचा संवाद तर प्रत्येक गृहिणीने ऐकावा असा आहे. राजाच्या स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. इतक्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन, असे आनंदाने सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने होतील. ती जुनी झाली की गादीच्या खोळी, पुढे जमिनीवरच्या बैठका, पुढे पायपुसणी, पुढे धूळ झाडायची फडकी, आणि फडकेही संपले की ते कुटून चिखलात कालवून जमीन लिंपायची. राजा समाधान पावला. आमच्या घरात लुगड्याची गोधडी, गोधडीचे बसकर, बसकराचे पायपुसणे होते, तो हाच क्रम आहे. फरक इतकाच की विनयग्रंथात तो विचार म्हणून नोंदला गेला आणि आमच्या घरात तो दारिद्र्य म्हणून मोजला गेला.

इथे एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. भिक्खूने चिंध्या पत्करल्या त्या घर सोडून, स्वेच्छेने. त्याचा दाखला देऊन कोणी शेतमजूर बाईला ‘तुमची गोधडी म्हणजे चीवरच’ असे सांगून समाधान मानायला लावील तर ती फसवणूक होईल. आपल्याच प्रांतात गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) ठिगळांचा वेष आयुष्यभर स्वेच्छेने वागवला. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. त्याच काळात बाबासाहेब उत्तम सुटाबुटात वावरले. एकाने चिंधीची लाज काढून टाकली, दुसऱ्याने चिंधीची सक्ती मोडली. ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत; पण त्यांची गल्लत करू नये. सक्ती मोडल्याशिवाय लाज सोडण्याचा उपदेश हा वरच्यांच्या सोयीचा असतो.

( ४ )

वर्धा जिल्ह्यात बसून लिहिताना सुताचा विषय टाळता येत नाही. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. चरख्याला तत्त्वज्ञान लाभले, संस्था लाभल्या; १९३८ साली वर्ध्यात मगन संग्रहालय उभे राहिले. सूत काढणे हे राष्ट्रकार्य ठरले, आणि त्यावर लिहिलेल्या पानांची गणती नाही. त्याच जिल्ह्यातल्या वस्त्यांत दुपारच्या सावलीत सुई चालत होती. सुईला तत्त्वज्ञान मिळाले नाही. चरखा चालवणाऱ्याला ‘मी हे का करतो’ असे सांगण्याची संधी होती, व्यासपीठ होते. गोधडी शिवणारीला ते कोणी विचारलेच नाही. मी चरख्याला लहान करण्यासाठी हे लिहीत नाही. श्रमाला प्रतिष्ठा देतानाही आपण श्रम करणाराची जात आणि लिंग पाहून प्रतिष्ठा देतो, एवढेच मला दाखवायचे आहे.

आपल्या साहित्याने मात्र एक वाट दाखवली आहे. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनाच्या नावातच बांबूची विणलेली वस्तू आहे. आईचे आयदान विणणे आणि आपले लिहिणे यांचे नाते लेखिकेने जोडले आहे. तिथे विणकाम हे मायेचे प्रतीक म्हणून येत नाही. ते घर चालवणारा धंदा म्हणून येते. सूप-टोपलीला गिऱ्हाईक आहे, किंमत आहे, आणि त्या किमतीवर मुलांचे पोट आणि शिक्षण आहे. गोधडीविषयीच्या लेखनाने हे वळण अजून घेतलेले नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी आपले नाते जुने आहे, म्हणून तिथला एक दाखला देते. ॲलिस वॉकर यांची ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) ही कथा गोधड्यांवरच्या भांडणाची आहे. शिकून शहरात गेलेली थोरली मुलगी डी घरी येते आणि आजीच्या गोधड्या मागते. तिला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. धाकटी मॅगी घरीच राहिलेली, लग्न करून त्याच गोधड्या रोज वापरणार आहे. आई गोधड्या मॅगीला देते. वाचकाची सहानुभूती मॅगीकडे जावी अशीच कथेची रचना आहे.

ही कथा मी वर्गात सांगते तेव्हा मुलेमुली टाळ्या वाजवून मॅगीची बाजू घेतात. मी त्यांना थांबवते. आपण सगळे या कथेत डी आहोत. घरातून पहिल्यांदा शिकून बाहेर पडलेले आहोत. वस्तूला भिंतीवर टांगून तिचा जीव घेऊ नये हे मान्य. पण मॅगीला गोधडी मिळाली म्हणजे न्याय झाला काय? शिक्षण डीला मिळाले आणि सुई मॅगीला मिळाली, ही वाटणी कोणी केली? भिंत की अंथरूण, असा पेच घातला की तिसरा प्रश्न सुटून जातो: शिवणारीच्या मुलीने शिकावेही आणि तिच्या शिवणाला तिचे नावही असावे, असे का होऊ नये?

हा प्रश्न पुढे अमेरिकेतच प्रत्यक्षात आला. अलाबामा राज्यातील जीज बेंड या गुलामांच्या वंशजांच्या वस्तीतील गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या. २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. २००७ साली तिथल्या काही गोधडीकार स्त्रियांनी हक्क आणि मोबदल्याच्या प्रश्नावर न्यायालयात दावे लावले. पुढील वर्षी ते आपसांत मिटले. निकाल काय लागला यापेक्षा त्या स्त्रियांनी प्रश्न विचारला याला मी महत्त्व देते. कौतुक झाल्यावरही हिशेब मागता येतो, हे त्यांनी दाखवले.

( ५ )

आता आपल्याकडचे. मध्यंतरी एका संस्थेच्या लोककला प्रदर्शनासाठी आमच्या भागातून गोधड्या नेण्यात आल्या. त्यांतली एक माझ्या आईची होती. भिंतीवर छान उजेडात लावलेली होती. खाली चिठ्ठी होती: ‘पारंपरिक गोधडी, विदर्भ. कलाकार : अनामिक.’ तिथे कोणीही माझ्या आईला नाव विचारले नव्हते. नाव विचारले नाही म्हणून ती अनामिक झाली. एरवी गावात तिला सगळे ओळखतात. मी चिठ्ठीवर नाव लिहिण्याचा आग्रह धरला तेव्हा मला सांगण्यात आले की लोककलेत व्यक्ती नसते, समूह असतो. मला हे सौंदर्यशास्त्र ओळखीचे वाटले. ज्यांच्याजवळ देण्यासारखे फार थोडे असते त्यांच्याकडून नावही समूहाला अर्पण करून घ्यायचे, आणि ज्याने प्रदर्शन भरवले त्याचे नाव मात्र दारावर मोठ्या अक्षरांत लावायचे.

आज बचत गटांतील स्त्रिया गोधड्या आणि दुपटी शिवून विकतात. हे चांगले आहे. पण किमतीचा हिशेब करताना कापड आणि दोरा धरला जातो. वेळ धरला जात नाही. माझ्या आईला एका मोठ्या गोधडीला, घरकाम सांभाळून, रोज दोन तास याप्रमाणे महिना लागतो. म्हणजे साठ तास. शेतमजुरीचा दिवस आठ तासांचा धरला तर साडेसात दिवसांची मजुरी झाली. गिऱ्हाईक म्हणते, जुन्याच कापडाची तर आहे. त्याला कापड दिसते, साडेसात दिवस दिसत नाहीत. आणि मायेच्या भाषेचा इथे नेमका उपयोग होतो: मायेने केलेल्या कामाची मजुरी मागणे बरे दिसत नाही, असे बाईलाही वाटू लागते.

म्हणून मराठीच्या शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. विद्यार्थ्यांना गोधडीवर निबंध जरूर द्या. पण ‘ऊब’ हा शब्द शेवटी वापरायला सांगा. आधी घरातल्या एका गोधडीचे थर मोजायला सांगा. प्रत्येक थर कोणाच्या अंगावरून आला, तो विकत घेतला, मिळाला की मागितला, हे आईला वा आजीला विचारून लिहायला सांगा. कोणते कापड वर घेतले आणि कोणते आत घातले, आणि का, हे विचारायला सांगा. किती दिवस लागले ते लिहायला सांगा. आणि पानाच्या वर, स्वतःच्या नावाच्याही आधी, शिवणारीचे पूर्ण नाव लिहायला सांगा.

एका तालुक्यातील शंभर घरांतून अशी शंभर पाने गोळा झाली, तर तो शंभर घरांचा सामाजिक इतिहास होईल. असा इतिहास कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, कारण दप्तर लिहिणारे आणि जुने कापड देणारे एकाच घरचे होते. आतल्या थरांत काय आहे हे शिवणारीलाच ठाऊक आहे. ती आहे तोवर विचारून घेतले पाहिजे.